रोजवुड आणि लाकडी खिळ्यांचे नक्षीदार टाइप: सारखे विचारले जाणारे प्रश्न

रोजवुड फॉन्ट, त्याच्यामागचे लाकडी खिळे (छापण्यासाठी अक्षर कोरलेले ठोकळे) आणि ते कॉम्प्युटरवर कसे आले याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत. आधी साधे, मग किचकट. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. रोजवुड म्हणजे नक्की काय? फॉन्ट की लाकडाचा प्रकार?

इथे फॉन्ट. अ‍ॅडोबीने (फोटोशॉपवाली कंपनी) १९९४ मध्ये काढलेला, फक्त कॅपिटल अक्षरांचा, जाड आणि आतून नक्षीने भरलेला. जुन्या सर्कशीच्या पोस्टरवर असतात तशी अक्षरं. पण हे डिझाइन अ‍ॅडोबीने नव्याने शोधलेलं नाही. मूळ टाइपचं नाव क्लॅरेन्डन ऑर्नमेंटेड, ते विल्यम पेज यांनी अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात नॉर्विचजवळच्या कारखान्यात १८५९ मध्ये लाकडात आणलं. आणि हो, मूळ खिळे रोजवुडच्या, म्हणजे शिसवीच्या, लाकडाचे नव्हते. अ‍ॅडोबीने त्या मालिकेतल्या सगळ्या फॉन्टना झाडांची नावं दिली, त्यातलं हे एक, एवढंच (मालिका प्रश्न ९ मध्ये).

२. शिशाचे खिळे होते की, मग लाकडात अक्षरं कापायची गरज काय पडली?

आकार. पुस्तकाच्या अक्षराला शिसं झकास, पण वीतभर उंचीचं अक्षर ओतायचं म्हटलं की तीन अडचणी येतात. एक तर ते भयंकर जड होतं, ओतलेलं धातू बाहेरून आणि आतून एकसारखं थंड होत नाही त्यामुळे छापायची बाजू सपाट येत नाही, आणि एवढं धातू विकत घेणं छोट्या छापखान्याला परवडत नाही. त्यात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जाहिरातींचं पीक आलं, नाटकं, सर्कस, लिलाव, जहाजांच्या फेऱ्या, प्रत्येकाला भिंतीवर लावायला मोठ्ठी अक्षरं हवी होती. लाकडात हाताने अक्षरं कोरणं जुनंच होतं, पण न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स यांनी १८२७ मध्ये फिरत्या पात्याचं राउटर वापरून ती मशीनवर कापायला सुरुवात केली आणि १८२८ मध्ये नमुन्यांचं पुस्तक काढलं. लाकडी खिळ्यांचा धंदा म्हणून इतिहास तिथून धरतात.

३. लाकूड कुठलं वापरायचे? फुगत-वाकत नसे का?

मुख्यतः हार्ड मेपल नावाचं कठीण लाकूड. खोड आडवं कापलं की वाढीची वर्तुळं दिसतात ना, त्या बाजूवर अक्षर कोरायचे, फळीच्या लांब बाजूवर नाही. या बाजूला रेषा आडव्या धावत नाहीत त्यामुळे कुठल्याही दिशेने कापलं तरी ढलपी निघत नाही, आणि छापताना दाबही जास्त सोसतं. लाकूड आधी भरपूर वाळवायचं, मग घासून नेमक्या उंचीला आणायचं. अमेरिकेत ही उंची ०.९१८ इंच, शिशाच्या खिळ्याइतकीच, म्हणजे दोन्ही एकाच फ्रेममध्ये शेजारी शेजारी बसतात. फुगतं का, तर हो, ओल लागली की फुगतं. म्हणून ते पाण्याने धूत नाहीत (प्रश्न १९ बघा, तिथे हे फार महत्त्वाचं आहे).

४. एवढी बारीक नक्षी मशीनवर कशी कापली?

राउटरला पँटोग्राफ जोडून. विल्यम लेव्हनवर्थ यांनी १८३४ मध्ये ही जोडी जमवली. अक्षराचा एक मोठा साचा असतो, कारागीर त्याच्या कडेवरून एक टोक फिरवतो आणि दुसऱ्या टोकाला फिरणारं पातं तोच आकार लहान करून ठोकळ्यावर कापतं. एकाच साच्यातून वेगवेगळे साइज निघतात. पण फिरतं पातं गोल असतं, त्यामुळे आतला टोकदार कोपरा ते कापूच शकत नाही, तिथे गोलाई राहते. मग हाताने चाकू-पटाशी घेऊन कोपरे साफ करायचे. रोजवुडसारख्या डिझाइनमध्ये एका अक्षरात असे कितीतरी कोपरे आहेत, म्हणजे मशीन आलं तरी प्रत्येक खिळ्यावर माणसाचा हात फिरलेलाच आहे, हे लोकांनी लक्षात घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण डिजिटल करताना हाच मुद्दा आडवा येतो (प्रश्न १०).

५. क्रोमॅटिक टाइप म्हणजे काय?

एका अक्षराला एक खिळा नाही, दोन किंवा जास्त. एकावर अक्षराची बाहेरची चौकट आणि नक्षी, दुसऱ्यावर आतला भराव. पहिला खिळा एका रंगात छापायचा, तो सुकला की त्याच कागदावर दुसरा दुसऱ्या रंगात, बरोबर त्याच जागी. खरी मजा अशी की काही डिझाइनमध्ये दोन्ही खिळे मुद्दाम एकमेकांवर थोडे चढवलेले असायचे, शाई पारदर्शक असली की चढलेल्या भागात तिसरा रंग तयार होतो, म्हणजे दोन वेळा छापून तीन रंग!

हे पेज यांनी पहिल्यांदा केलं नाही. एडविन ॲलन यांनी कापलेले असे खिळे जॉर्ज नेस्बिट यांच्या १८४१ च्या नमुनापुस्तकात आहेत, वेल्स अँड वेब कंपनीच्या १८५४ च्या पुस्तकातही आहेत. पण पेज कंपनीचं १८७४ चं रंगीत नमुनापुस्तक या सगळ्यांचा कळस. पानंच्या पानं भडक लाल, हिरवी, सोनेरी, आणि एकेका पानासाठी कागद किती वेळा मशीनमधून गेला असेल याचा विचार केला तरी त्या माणसांबद्दल आदर वाटतो. जरा जागा हलली की सगळं वाया, आणि त्या पुस्तकात ती हललेली दिसत नाही.

६. हे 'वाइल्ड वेस्ट' फॉन्ट आहेत ना? काउबॉयवाले?

लोकांच्या डोक्यात तसंच बसलंय. पण कारखाने पूर्वेकडे, न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटमध्ये होते आणि ही अक्षरं अख्ख्या अमेरिकेत वापरली जायची, निवडणुकीच्या सभा, सर्कस, नाटक, घोड्यांचा लिलाव, काहीही. पश्चिमेकडच्या गावातल्या छापखान्यांनीही तेच खिळे मागवले. पुढे सिनेमाने ती ओळख पक्की केली. सलूनच्या पाटीवर आपण जे अक्षर बघतो, वर-खाली जाड पट्टे आणि मधे बारीक, ते फ्रेंच क्लॅरेन्डन, तो वेगळा प्रकार. रोजवुड साध्या क्लॅरेन्डन (टोकांना जाड पट्ट्या असलेलं ठळक अक्षर) घराण्यातला. क्लॅरेन्डन मुळात लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत (खिळे ओतायच्या कारखान्यात) रॉबर्ट बेस्ली यांनी १८४५ मध्ये आणला होता, म्हणजे हा अमेरिकन नक्षीदार टाइप शेवटी एका इंग्लिश टाइपचा नातू.

७. एवढं सुंदर होतं तर बंद का पडलं?

एकच कारण नाही. शिळाछपाईने रंगीत पोस्टर करणं सोपं झालं, तिथे चित्र आणि अक्षर एकाच दगडावर हवं तसं काढता येतं. आवडही बदलली, नक्षीचा कंटाळा येऊन लोक साध्या अक्षरांकडे वळले. आणि धंद्यात भावाची मारामारी झाली. विस्कॉन्सिन राज्यातल्या टू रिव्हर्स गावात जे. ई. हॅमिल्टन यांनी १८८० मध्ये सुरुवात केली, ते हॉली नावाच्या लाकडाच्या पातळ चकत्यांतून अक्षर कापून स्वस्त ठोकळ्यावर चिकटवायचे, त्यामुळे त्यांचा माल बराच स्वस्त. मग त्यांनी एकेक स्पर्धक विकत घेतला, १८९१ मध्ये पेज यांची कंपनीही. लाकडी खिळे मात्र संपले नाहीत, हॅमिल्टन कंपनी ते १९८० च्या दशकापर्यंत बनवत होती. संपली ती रंगीत नक्षी.

८. मग शंभर वर्षांनी अ‍ॅडोबीला हे सापडलं कसं?

रॉब रॉय केली यांच्यामुळे. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस हाच, पेज यांच्याइतकाच. केली मिनियापोलिसच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकवायचे, १९५० च्या दशकाच्या शेवटी विद्यार्थ्यांना छापायला म्हणून त्यांनी जुने लाकडी खिळे गोळा करायला सुरुवात केली. तेव्हा छापखाने ते फेकून देत होते, जळण म्हणूनही जात होते. खिळे जमत गेले तसे प्रश्न पडत गेले, हे कोणी कापले, कधी, याचं नाव काय, आणि उत्तर देणारं पुस्तकच नव्हतं. मग ते स्वतःच शोधायला लागले, जुनी नमुनापुस्तकं, कंपन्यांची कागदपत्रं, आणि १९६९ मध्ये त्यांनी अमेरिकन लाकडी खिळ्यांच्या १८२८ ते १९०० या काळाचा इतिहास प्रसिद्ध केला.

त्यांचा संग्रह ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात गेला आणि अजून तिथे आहे, विद्यार्थी त्यातून आजही छापतात. अ‍ॅडोबीच्या लोकांना त्याच संग्रहातून कागदावर घेतलेले नमुने मिळाले. डेव्हिड शील्ड्स यांनी या संग्रहावर पुढे बरीच वर्षं काम केलं आणि २०२२ मध्ये त्याचा सविस्तर कॅटलॉग आला. आधी कुणीतरी वस्तू जपली, नावानिशी नोंदवली, म्हणून फॉन्ट झाला. स्कॅनर सगळ्यांकडेच असतो.

९. अ‍ॅडोबीत हे काम कोणी केलं? या मालिकेत अजून कुठले फॉन्ट आहेत?

रोजवुडवर तीन नावं आहेत, किम बुकर चान्सलर, कार्ल क्रॉसग्रोव्ह आणि कॅरल ट्वॉम्ब्ली. ट्वॉम्ब्ली यांना ट्रेजन आणि लिथोस या फॉन्टमुळे बरेच जण ओळखतात. मालिका १९९० मध्ये सुरू झाली, कॉटनवुड, आयर्नवुड, ज्युनिपर, मेस्कीट, पाँडेरोसा, मग बर्च, पॉपलर, विलो, ब्लॅकओक वगैरे, आणि १९९४ मध्ये तीन क्रोमॅटिक फॉन्ट एकत्र आले, रोजवुड, पेपरवुड, झेब्रावुड.

१०. स्कॅन करून ट्रेस केलं की झालं ना? त्यात एवढं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा लांब उत्तर देतो.

पहिली गोष्ट, समोर जो छाप असतो तो शंभर वर्षं वापरलेल्या खिळ्याचा. कडा झिजल्यात, एखाद्या कोपऱ्याचा टवका उडालाय, शाई पसरलीये. यातलं डिझाइन कुठलं आणि अपघात कुठला हे ठरवावं लागतं. कोपऱ्यातली गोलाई झिजेमुळे आहे की राउटरच्या पात्यामुळे (प्रश्न ४), की कारागिराला तशीच हवी होती? एक ए आणि दुसरा ए वेगळे दिसतात, मग खरा कुठला? इथे डिझायनरचा निर्णय लागतो आणि सगळे डिजिटल अवतार एकसारखे का नसतात त्याचं कारणही हेच. कोणी टवके ठेवतं, कोणी सगळं चकाचक करतं. रोजवुडमध्ये साफ केलंय, आणि माझ्या मते ते बरोबर, कारण १८५९ मध्ये नवा खिळा टवके घेऊन विकला जात नव्हता. जुनाटपणा हवा असेल तर तो छापताना आणा.

दुसरी, जी अक्षरं नव्हतीच ती. अ‍ॅट द रेटचं चिन्ह, युरो, युरोपीय भाषांमधली टिंबं-टोप्या जुन्या संचात कुठून असणार, ती त्याच नक्षीत नव्याने काढावी लागतात आणि ती उपरी वाटता कामा नयेत.

तिसरी, अंतरं. लाकडी खिळा चौकोनी ठोकळा, एक ठोकळा दुसऱ्याच्या हद्दीत घुसू शकत नाही, म्हणून ए आणि व्ही शेजारी आले की मधे भगदाड पडायचं. काही जुळारी (खिळे जुळवणारे कामगार) सरळ करवतीने खिळ्याची कड कापून ते जवळ आणायचे! फॉन्टमध्ये हे काम कर्निंग, म्हणजे दोन अक्षरांमधलं अंतर कमी-जास्त करणं, करतं.

आणि चौथी, वजन. नक्षीदार अक्षराच्या बाह्यरेषेत प्रचंड बिंदू असतात. त्या काळच्या पोस्टस्क्रिप्ट (पानाचं वर्णन करणारी भाषा) प्रिंटरची मेमरी तुटपुंजी, फार किचकट आकार आला की एरर देऊन पान अर्ध्यात सोडून द्यायचा. म्हणजे नक्षी तीच दिसली पाहिजे पण कमीत कमी बिंदूंत, हे नुसत्या ऑटो ट्रेसने होत नाही, आजही होत नाही, करून बघा.

११. रोजवुडच्या दोन फाइल दिसतात, रेग्युलर आणि फिल. कुठली वापरू?

दोन्ही, एकावर एक. प्रश्न ५ मधले दोन खिळे म्हणजेच या दोन फाइल. तोच मजकूर दोनदा टाकायचा, खाली फिल एका रंगात, वर रेग्युलर दुसऱ्या रंगात. नुसतं रेग्युलर वापरलं तर आतून पोकळ राहतं, तेही छान दिसतं. नुसतं फिल वापरलं तर साधं जाडजूड अक्षर मिळतं आणि बरेच जण तेवढंच वापरतात, पण या अक्षराची कल्पनाच दोन रंगांची आहे, एकदा तरी जोडीने लावून बघा.

१२. दोन थर जुळतच नाहीत, शब्दाच्या शेवटी अक्षरं सरकतात. का?

बहुतेक वेळा कर्निंगची सेटिंग 'ऑप्टिकल' असते. त्यात सॉफ्टवेअर अक्षराचा दिसणारा आकार मोजून अंतर ठरवतं, फिलचा आकार वेगळा, रेग्युलरचा वेगळा, म्हणून अंतर थोडं थोडं वेगळं पडत जातं आणि लांब शब्दात ते डोळ्यात भरतं. दोन्ही थरांना 'मेट्रिक्स' करा, म्हणजे फॉन्टमध्येच ठरवून दिलेली अंतरं वापरली जातात. साइज, ट्रॅकिंग (अक्षरांमधली एकूण मोकळीक), लीडिंग (ओळींमधलं अंतर) पण तंतोतंत तेच हवं. आधी एकच मजकूर पूर्ण फायनल करा, मग कॉपी करून 'पेस्ट इन प्लेस' करा आणि फक्त फॉन्ट आणि रंग बदला, म्हणजे ही कटकट होतच नाही.

१३. स्क्रीनवर ठीक, पण ऑफसेटला छापल्यावर कडेला पांढरी रेष येते.

वरचा रंग खालचा रंग कापून बसतो, म्हणजे नॉकआउट, आणि प्लेट केसभर सरकली की मधला कागद दिसतो. वरचा थर काळा किंवा गडद असेल तर त्याला ओव्हरप्रिंट लावा, म्हणजे तो खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापतो. दोन्ही रंग फिके असतील तर ओव्हरप्रिंटमध्ये तिसरा रंग तयार होईल, तो हवा असेल तर फारच छान, तो जुन्या लोकांचाच मार्ग (प्रश्न ५). नको असेल तर प्रेसवाल्यांना ट्रॅपिंग द्यायला, म्हणजे दोन रंगांच्या कडा एकमेकांवर किंचित चढवायला, सांगा. फाइल देताना अक्षरं आउटलाइन करून (फॉन्टऐवजी नुसता आकार करून) द्या.

१४. वेबसाइटवर दोन थर कसे लावू?

मजकूर एचटीएमएलमध्ये एकदाच लिहा आणि दुसरा थर सीएसएसच्या स्युडो-एलिमेंटने (फक्त दिसण्यापुरता जोडलेला भाग) त्याच जागी आणा. दोनदा लिहिलात तर स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) तो शब्द दोनदा वाचेल, सर्च इंजिनलाही दोनदा दिसेल. नव्या पद्धतीच्या कलर फॉन्टमध्ये सगळे थर आणि रंग एकाच फाइलमध्ये असतात आणि ब्राउझरमध्ये रंग बदलता येतात, पण त्यासाठी फॉन्टच त्या पद्धतीने बनवलेला लागतो.

१५. माझ्याकडे जुन्या सीडीवर रोजवुड आहे, आता उघडतच नाही.

तो टाइप वन या जुन्या फाइल प्रकारातला असणार. फोटोशॉपने हा सपोर्ट २०२१ मध्ये काढला आणि अ‍ॅडोबीच्या बाकीच्या सॉफ्टवेअरमधून तो जानेवारी २०२३ मध्ये गेला. कन्व्हर्टरच्या नादी लागू नका, कर्निंग बिघडलं की प्रश्न १२ चा त्रास सुरू. ओपनटाइप या नव्या फाइल प्रकारातली आवृत्ती निघालेली आहे, तिचं नाव रोजवुड स्टँडर्ड, ती घ्या. जुन्या फाइलमध्ये फॉन्ट बदलल्यावर ओळी पुन्हा तपासा.

१६. किती साइजला वापरायचा?

मोठा. लाकडी खिळ्यांचे साइज 'लाइन'मध्ये मोजतात, एक लाइन म्हणजे १२ पॉइंट, १० लाइनचं अक्षर साधारण ४२ मिलिमीटर उंच. नक्षी या मापाला विचार करून काढलीये. व्हिजिटिंग कार्डावर ती चिखल होते. ७२ पॉइंटच्या खाली मी तरी जात नाही, आणि एका पोस्टरवर एक-दोन शब्द पुरे, बाकी साध्या फॉन्टमध्ये.

१७. पेज यांचं डिझाइन इतकं जुनं आहे तर मी स्वतः त्यावरून फॉन्ट काढून विकू शकतो का?

एकोणिसाव्या शतकातल्या मूळ छापावरून स्वतः रेखाटलं तर डिझाइन जुनं असल्याने मोकळं आहे. पण अ‍ॅडोबीची फाइल उघडून त्यातले बिंदू उचलले तर ते चालणार नाही, अमेरिकेत अक्षराच्या आकारावर कॉपीराइट मिळत नसला तरी फॉन्टची फाइल सॉफ्टवेअर म्हणून संरक्षित असते. रोजवुड हे नावही वापरू नका. एकाच मुळातून अनेकांनी काम करणं यात वावगं काही नाही. टू रिव्हर्समध्ये १९९९ पासून हॅमिल्टन लाकडी खिळे आणि छपाई संग्रहालय आहे, तिथे जवळपास १५ लाख लाकडी खिळे आहेत आणि त्यांच्या संग्रहावरून पी२२ या फाउंड्रीने (आता फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीलाही हेच म्हणतात) २०१२ पासून डिजिटल फॉन्ट काढायला घेतले, त्यात एक बहुथरी क्रोमॅटिक फॉन्टही आहे.

१८. असं देवनागरीत का नाही?

रोजवुडमध्ये देवनागरी नाही. आणि तीच नक्षी उचलून देवनागरीवर बसवता येत नाही, कारण पेज यांच्या अक्षराला स्वतःची पूर्ण चौकट आहे, प्रत्येक अक्षर एकटं उभं. आपल्याकडे शिरोरेषा अक्षरांना जोडत जाते, मग चौकट कुठे संपवायची? नक्षी जोडावरून वाहती ठेवायला लागेल. वर वेलांटी, खाली उकार, रफार, आणि शेकडो जोडाक्षरं, प्रत्येकाची नक्षी वेगळी. थर करायचे तर दोन्ही फाइलमध्ये मात्रांच्या जागा आणि जोडाक्षरांचे नियम एकसारखे हवेत, एकात 'क्ष' जुळला आणि दुसऱ्यात नाही तर सगळं कोसळलं.

पण अशक्य अजिबात नाही. सध्या मोफत मिळणाऱ्यांमध्ये इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन त्या पोस्टरी जाड-बारीक घाटाच्या जवळचा आहे, आणि 'एक टाइप' या संस्थेचा 'मोदक' फॉन्ट बघा, तो गुबगुबीत आहे पण जाड देवनागरी अक्षरात आतली पोकळी किती कमी करता येते हे त्यातून कळतं. नक्षीचा दुसरा थर तुम्ही इलस्ट्रेटरमध्ये आउटलाइन करून, ऑफसेट पाथ देऊन एका शब्दापुरता नक्की करू शकता. पूर्ण फॉन्ट कोणीतरी मनावर घ्यावा, मला तो बघायचाय.

१९. आमच्या ओळखीच्या बंद छापखान्यात मोठे लाकडी खिळे पडलेत, देवनागरी पण आहेत. काय करू?

आधी कृपा करून ते सुटे विकू देऊ नका. शोभेची वस्तू म्हणून एकेक अक्षर विकलं जातं आणि संच कायमचा फुटतो, मग त्यातून ना छापता येतं ना फॉन्ट करता येतो.

पाण्याने धुऊ नका, उन्हात पण ठेवू नका, तडे जातात. जुनी शाई असेल तर फडक्याला थोडं टर्पेंटाइन लावून पुसा, खिळा त्यात बुडवायचा नाही. भुंग्याची बारीक भोकं आणि खाली भुसा दिसला तर ते खिळे लगेच वेगळे ठेवा. केसमध्ये (खिळे ठेवायच्या खणांच्या ट्रेमध्ये) ज्या खणात जे अक्षर आहे ते तसंच राहू द्या, उचलायच्या आधी फोटो काढा, कारण जुळाऱ्याने लावलेला क्रम ही पण माहितीच आहे. कडेला बनवणाऱ्याचा शिक्का आहे का बघा, अमेरिकन खिळ्यांवर तो बहुधा कॅपिटल ए वर असायचा.

मग संपूर्ण संचाचा एक छाप घ्या. मशीन नसलं तरी चालतं, रोलरने पातळ शाई लावा, वर पातळ कागद ठेवा आणि चमच्याच्या पाठीने सगळीकडे सारखं घासा. प्रत्येक अक्षराचे दोन-तीन छाप, बाजूला मोजपट्टी ठेवून १२०० डीपीआयला स्कॅन. आणि छापखान्यात काम केलेलं कोणी हयात असेल तर त्यांना भेटून विचारा की हे खिळे कुठून आणले, कशासाठी वापरले, या अक्षराला ते काय म्हणायचे, आणि ते सांगतील ते तारखेसकट त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा.